टाइल लागण्याआधी : न्हाणीघराच्या नळकामाबद्दल वाचकांचे प्रश्न

न्हाणीघर नव्याने करण्याबद्दल इंदूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. टाइलचा रंग, आरसा, दिवे यांबद्दलची पत्रं बाजूला ठेवली आहेत. तिथे चूक झाली तर ती डोळ्यांना खुपते, खालच्या मजल्याच्या छताला नाही. इथे फक्त पाणी आणायचं कसं आणि घालवायचं कसं, एवढंच.

प्रश्न : आमचं सुदामा नगरमधलं घर १९९० च्या सुमाराचं. पहिल्या मजल्यावरचं पाच बाय आठ फुटांचं बाथरूम पूर्ण फोडून नवं करायचं आहे. भिंतीत जुने जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप आहेत. प्लंबर म्हणतो, टाइल काढल्यावर बघू. सामान किती लागेल आणि काम कोणत्या क्रमाने व्हावं, हे आधी कळू शकेल का?

कळेल. ‘टाइल काढल्यावर बघू’ हे ड्रेनेजपुरतं खरं आहे, कारण सनक (बाथरूमखालचा स्लॅबचा खोलगट भाग) किती खोल आहे आणि त्यात काय भरलंय हे फोडल्याशिवाय दिसत नाही. पाण्याच्या लाइनचा हिशोब मात्र आजच कागदावर होतो.

आधी पॉइंट मोजा. बेसिनला गरम-थंड मिळून दोन, कमोडच्या टाकीला एक, जेटला एक, गीझरला आत-बाहेर दोन, शॉवरचा एक, बादलीवरच्या स्पाउटचा एक आणि फरशी धुवायला साधा थंड नळ एक. झाले नऊ. प्रत्येक जागी २० बाय १५ मिमीचा पितळी आट्यांचा एल्बो लागतो. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यांचे एल्बो स्वस्त पडतात, पण नळ आवळताना ते चिरतात आणि ती चीर टाइलमागे असते. पाइप सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा), एसडीआर ११ जाडीचा, गरम-थंड दोन्हीला तोच, आणि पॉइंटपर्यंत २० मिमीच, म्हणजे पाऊण इंची. अर्धा इंची टाकून वाचतात ते पैसे किरकोळ, शॉवर मात्र कायमचा मंदावतो. एवढ्या खोलीला ३ मीटरच्या सात नळ्या पुरतात, थंडला चार, गरमला तीन. साधे एल्बो २० ते २५, टी आठ, कपलर सहा, डायव्हर्टरच्या (गरम-थंड पाणी मिसळून शॉवर किंवा स्पाउटकडे वळवणाऱ्या भिंतीतल्या नळाच्या) चार तोंडांना एमटीए, म्हणजे बाहेरून आट्यांचे जोड, चार, पॉइंट बंद ठेवायला अर्धा इंची प्लग दहा, थंड लाइन खोलीत शिरते तिथे एक बॉल व्हॉल्व, आणि सॉल्व्हंट सिमेंटचा (पाइप चिकटवायच्या द्रावाचा) २३७ मिलिलिटरचा एक डबा. दोन-चार एल्बो उरले तर दुकानदार बहुधा परत घेतो. कापलेली नळी घेत नाही.

सांडपाण्याला एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाइप टाइप बी घ्या. टाइप ए पातळ असतो, तो पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी. कमोडला ११० मिमी, नहाणी ट्रॅपला (फरशीच्या जाळीखालच्या भांड्याला) ७५, बेसिनला ५०. शाफ्ट (पाइप खाली उतरतात ती उभी मोकळी जागा) खोलीला लागूनच असेल तर प्रत्येकी ३ मीटरची एक नळी पुरते. नहाणी ट्रॅप दोन लावा, एक शॉवरखाली आणि एक कमोडच्या बाजूला. एकाच ट्रॅपकडे सगळी फरशी उतरवायची म्हटलं की दाराजवळ उंचवटा फार वाढतो.

आता क्रम. फोडकामाच्या आधी मळपाइपाच्या (कमोडचा मैला नेणाऱ्या पाइपाच्या) तोंडावर ११० ची एंड कॅप बसवा. कारीगर सवयीने पोत्याचा बोळा कोंबतात. पहिला मोठा ढेकळा पडला की बोळ्यासकट सगळं खाली जातं आणि तळमजल्याचं कमोड तुंबतं. मग मूळ स्लॅब दिसेपर्यंत फोडायचं, झाडून-धुऊन कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई द्यायची, वॉटरप्रूफिंगचे दोन हात आडवे-उभे मारायचे आणि सनकमध्ये पाणी भरून ४८ तास ठेवायचं. पातळीची रेघ भिंतीवर पेन्सिलीने ओढा आणि खालच्या छताकडे लक्ष ठेवा. सनकच्या तळापासून शाफ्टमध्ये एक बारीक नळी काढून ठेवली तर पुढे कधी कोब्यात पाणी मुरलंच, तरी ते छतातून न ठिबकता तिथून बाहेर पडतं.

यानंतर ड्रेनेजचे पाइप. मीटरमागे २५ मिमी उतार, खाली विटांचा पक्का टेका. सुट्या रोड्यांवर ठेवलेला पाइप कोबा टाकताना दबतो, मधे पोट पडतं, आणि त्या पोटात केस आणि साबण कायमचे बसतात. मग भिंतीतल्या खाचा आणि सीपीव्हीसी, मग दाबाची चाचणी, मग सनक भरणं, मग वॉटरप्रूफिंगचा दुसरा थर. हा थर फरशीपासून भिंतीवर एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट चढवायचा. पुन्हा पाणी भरून बघायचं. त्यानंतरच टाइल.

दाबाच्या चाचणीवर थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त वेळा हीच टाळली जाते. ‘टाकीचं पाणी सोडून बघितलं, गळत नाही’ ही चाचणी नव्हे. टाकीतलं पाणी दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे पॉइंटवर एक किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब येतो. घरगुती गच्चीवरून ०.३ ते ०.६ किलो येतो, आणि अर्धवट चिकटलेला जोड तेवढा सहज पेलतो. गीझर जोडायचा नाही. त्याच्या जागी गरम आणि थंड पॉइंट एका लवचीक नळीने एकमेकांना जोडा, म्हणजे दोन्ही लाइन एकदम तपासल्या जातात. सर्वात लांबच्या आणि उंच पॉइंटवरून हवा काढा, हातपंपाने ६ ते ७ किलोपर्यंत दाब चढवा आणि पंपाचा व्हॉल्व बंद करा. पाइप थोडा ताणतो, म्हणून सुरुवातीला काटा किंचित उतरतो. पुन्हा वर आणा. त्यानंतर दोन तास काटा हलता कामा नये. ही चाचणी शेवटचा जोड चिकटवल्यावर २४ तासांनी. डिसेंबर-जानेवारीत इंदूरला रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा सॉल्व्हंट सिमेंट सुकायला जास्त वेळ घेतं. त्या दिवसांत घाई नकोच.

जोड चुकतो तो बहुधा कापणीत. करवतीने तिरका कापलेला पाइप सॉकेटच्या तळाला टेकत नाही, आणि कडेचा बुरा न काढता आत सारला तर तो सिमेंट खरवडून पुढे ढकलतो. सरळ कापायचं, कड घासायची, फिटिंगला एक पातळ हात, पाइपला एक, पाव वळसा देऊन आत सारायचं आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. सोडला की पाइप मागे सरकतो. सिमेंट जास्त लावल्याने जोड मजबूत होत नाही. आत थारोळं साचून पाइप मऊ पडतो आणि तोंड अरुंद होतं. आट्यांवर फक्त टेफ्लॉन टेप. सूत आणि सफेदा जीआयसाठी ठीक होतं, सीपीव्हीसीला तेलकट लेप नको.

जुन्या जीआयबद्दल दोन गोष्टी. बाथरूमपुरता पाइप बदलून वरची उभी लाइन जीआयचीच ठेवू नका; तिचा गंज सुटून नव्या डायव्हर्टरच्या कार्ट्रिजमध्ये येऊन बसतो. टाकीपासून बदला. गच्चीवरच्या सीपीव्हीसीला उन्हापासून जपायला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग लावा, ऑइलपेंट नाही. भिंतीतला जुना पाइप उपटायची गरज नाही, दोन्ही टोकं बंद करून तो तिथेच राहू द्या. दुसरी गोष्ट महत्त्वाची : जुन्या घरांत गीझरचं अर्थिंग कधी कधी जीआय पाइपलाच बांधलेलं असतं. पाइप प्लास्टिकचा झाला की ते अर्थिंग संपलं. नळकाम सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून हे तपासून घ्या आणि स्वतंत्र अर्थची तार ओढून घ्या.

प्रश्न : नळ, डायव्हर्टर, कमोड हे सगळं टाइल लागल्यावर घ्यावं असं घरच्यांचं म्हणणं आहे, म्हणजे रंग जुळवता येईल. प्लंबर आधीच मागतोय. कोणाचं ऐकावं?

प्लंबरचं. बेसिनचा नळ, टॉवेलचा दांडा, जेट नंतर घ्या. डायव्हर्टरची बॉडी, भिंतीतली टाकी, कमोड आणि वॉल मिक्सर यांचं मॉडेल मात्र खाचा मारण्याआधी घरात हवं, कारण सगळी मापं त्यावरून ठरतात. आणि ती मापं तयार भिंतीपासून आणि तयार फरशीपासून धरायची असतात, आज दिसणाऱ्या विटेपासून नाही.

विटेवर प्लास्टर १२ ते १५ मिमी, चिकटवायचा मसाला ३ ते ६, टाइल ८ ते १०. म्हणजे तयार भिंत आजच्या विटेपासून साधारण २५ ते ३० मिमी पुढे येणार. डायव्हर्टरच्या बॉडीवर जे प्लास्टिकचं झाकण असतं त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोहोंच्या मधे यायला हवा. बॉडी खोल गेली तर हँडल पोचत नाही आणि एक्स्टेन्शनचा तुकडा शोधत फिरावं लागतं. वर राहिली तर तबकडी भिंतीला टेकत नाही आणि मागून पाणी शिरतं.

कमोडचंही तसंच. एस-ट्रॅपच्या (तोंड खाली फरशीत जाणाऱ्या) कमोडला भिंतीपासून मळपाइपाच्या मध्यापर्यंत मॉडेलप्रमाणे १००, २२० किंवा ३०० मिमी अंतर लागतं. प्लंबरने ते विटेपासून मोजलं तर टाइल लागल्यावर २५ मिमी कमी पडतात, टाकी भिंतीला घासते आणि कमोड तिरकं बसवावं लागतं. पी-ट्रॅपचं (मागे भिंतीत जाणारं) तोंड तयार फरशीपासून सुमारे १८५ मिमीवर येतं.

काम सुरू होताना लेव्हल नळीने चारही भिंतींवर तयार फरशीपासून बरोबर एक मीटरवर रेघ मारून घ्या आणि उंच-सखल सगळं तिच्यावरून मोजा. डायव्हर्टर त्या रेघेवर किंवा थोडा वर. शॉवरचा दांडा २०५० ते २१०० मिमी. स्पाउट ६०० मिमी, म्हणजे वीस लिटरची बादली खाली ठेवून वर मग फिरवायला जागा राहते. बेसिनचे अँगल कॉक ५०० च्या आसपास. वॉल मिक्सरच्या दोन तोंडांमधलं अंतर १५० मिमी. गरम डावीकडे, थंड उजवीकडे.

प्रश्न : रामबागेत आमचा जुना वाडा आहे. वरचा मजला सागवानी तुळयांचा. आई-वडिलांना जिना उतरवत नाही, म्हणून वरच कमोड आणि अंघोळीची सोय करायची आहे. मिस्त्री एक फूट सनक करून देतो म्हणतो.

तो करू देऊ नका. एक फूट रोडा-कोबा भरला की दर चौरस मीटरला जवळपास ५०० किलो वजन चढतं, पाणी-माणसं वेगळीच. काँक्रीटच्या साध्या घराची फरशीसुद्धा माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला २०० किलो धरून आखतात. लाकडी तुळईचं टोक भिंतीत किती कुजलं आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला तुळयांची टोकं उघडून दाखवा. त्याने होकार दिला तरच पुढचं.

सनक लागू नये म्हणून पी-ट्रॅपचं कमोड बाहेरच्या भिंतीला पाठ लावून बसवा. तोंड भिंतीतून थेट बाहेर, ११० मिमीचा उभा पाइप बाहेरून खाली चेंबरपर्यंत, आणि तोच पाइप वर छपराच्या पुढे नेऊन जाळीच्या टोपीने उघडा ठेवायचा. अंघोळीसाठी तयार शॉवर ट्रे घ्या, ॲक्रिलिकचा किंवा एफआरपीचा (फायबरचा). त्याचं पाणी बाजूने निघतं, खाली ट्रॅपला साधारण १५० मिमीची उंची लागते. तेवढा एक हलका चौथरा बनवून एक पायरी करावी लागेल. आई-वडिलांसाठी त्या पायरीशी आणि कमोडच्या बाजूला पकडायचे दांडे हवेतच, आणि तेही लाकडी चौकटीत बोल्टने.

वाड्याच्या भिंती जाड असल्या तरी आतली चिणाई बहुधा माती-चुन्याची असते. त्यात खाच मारली की हातात ढेकळंच येतात. पाइप भिंतीबाहेरून क्लॅम्पवर न्या, दर तीन फुटांवर एक क्लॅम्प. दिसायला वाईट दिसतं हे मान्य, पण गळलं तर लगेच कळतं, आणि लाकडी मजल्यावर तेच महत्त्वाचं.

प्रश्न : स्कीम नंबर ५४ मध्ये वरच्या मजल्यावर राहतो. मोठ्या हौसेने आठ इंची रेन शॉवर लावला, पण पाणी मधल्या चार भोकांतूनच टपकतं. शॉवर खराब आहे का?

शॉवर बरा असेल, उंची नाही. हिशोब करा : फरशीपासून स्लॅब ३ मीटर, टाकी स्लॅबवर एक फुटाच्या ओट्यावर, शॉवर २.१ मीटरवर. टाकीचा तळ शॉवरच्या फक्त १.२ मीटर वर राहिला, म्हणजे ०.१२ किलो. टाकी काठोकाठ भरली तरी ०.२ च्या थोडं वर. रेन शॉवरला निदान अर्धा किलो लागतो, बऱ्याच मॉडेलना त्याहून जास्त. टाकी आणखी दोन मीटर उचलली तरी ०.२ किलोच वाढतात, आणि भरलेल्या हजार लिटरच्या टाकीचं एक टनाहून जास्त वजन त्या मचाणावर.

प्रेशर पंप लावा, अर्ध्या हॉर्सपॉवरचा एका-दोन बाथरूमना पुरतो. तो टाकीच्या बाहेर निघणाऱ्या मुख्य लाइनवर हवा, म्हणजे थंड लाइन आणि गीझर दोघांनाही सारखा दाब मिळेल. फक्त थंड लाइनवर बसवला तर मिक्सरमध्ये थंड पाणी गरमाला मागे ढकलतं. पंपाला वळसा घालून नॉन-रिटर्न (पाणी उलट न जाऊ देणाऱ्या) व्हॉल्वसह बायपास ठेवा, वीज गेली तरी नळ चालू राहील. आणि गीझर किती दाब सोसतो ते त्याच्या पट्टीवर बघून घ्या.

पंप आणण्याआधी एक फुकटची तपासणी : टाकीतून निघणारा पाइप गच्चीवर कुठे वर चढून पुन्हा खाली उतरतो का? त्या कमानीत हवा अडकते आणि पाणी निम्मं येतं. पाइप सरळ उतरता केला की कधी कधी तेवढ्यानेच भागतं.

प्रश्न : नवं बाथरूम होऊन दोन महिने झाले. गीझर चालू केला की जेटमधूनही गरम पाणी येतं. प्लंबर म्हणतो लाइन बरोबर आहे.

लाइन बरोबर असूही शकते. गरम-थंड पाणी कुठल्या तरी मिक्सरमध्ये एकमेकांत मिसळतंय. बेसिनच्या गरम नळाचा प्रवाह बघून ठेवा आणि गीझरच्या आत जाणारा अँगल कॉक बंद करा. थोड्या वेळात बेसिनचं गरम पाणी थांबायला हवं. थांबलं नाही, तर थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरतंय. आता डायव्हर्टर, बेसिन, हँड शॉवर यांची तोंडं एकेक करून बंद करत जा. ज्याने प्रवाह थांबला तो दोषी.

बहुतेक वेळा हँड शॉवर दोषी निघतो. त्याच्या मुठीचा खटका सोडून पाणी बंद केलं जातं, पण मिक्सरचा दांडा मधे उघडाच राहतो. तेव्हा गरम आणि थंड लाइन आतून जोडलेल्या राहतात. मिक्सर बंद करायची सवय लावा. तरीही तेच होत असेल तर गीझरच्या तोंडाशी कंपनीचा सेफ्टी व्हॉल्व आहे का बघा. बसवताना ‘याने पाणी कमी येतं’ म्हणून तो काढून ठेवलेला असतो. त्यातच नॉन-रिटर्न आणि जास्तीचा दाब सोडायची सोय असते. तो परत लावा, आणि त्याच्या व गीझरच्या मधे कुठलाही कॉक नको.

प्रश्न : पाहुण्यांच्या बाथरूममध्ये मे महिन्यात घाण वास येतो. नवीनच केलंय.

वापर नसेल तर नहाणी ट्रॅपमधलं ५० मिमी पाणी उन्हाळ्यात उडून जातं आणि ड्रेनेजची हवा सरळ वर येते. दर आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. गावाला जाताना वर चमचाभर खाद्यतेल टाकलं तर पाणी लवकर उडत नाही. जाळी उचलून आतला कप जागेवर आहे का तेही बघा. झाडणाऱ्या बाई केस अडकतात म्हणून तो काढून कोपऱ्यात ठेवतात, आणि त्या ट्रॅपमध्ये कपाशिवाय पाणी अडतच नाही. फ्लश ओढल्यावर ट्रॅपमधून गुडगुड आवाज येत असेल तर प्रश्न वेगळा आहे : उभ्या पाइपाला वर हवा मिळत नाही, म्हणून तो ट्रॅपचं पाणी ओढून घेतो. हवेच्या पाइपाची टोपी तुंबली आहे का बघा.

प्रश्न : राऊला तळमजल्याचं नवं घर. बाथरूम ते चेंबर हा पाइप दोनदा फुटला, दोन्ही वेळा चेंबरच्या भिंतीशी. पाइप चांगल्या कंपनीचा होता.

दोष पाइपाचा नाही, मातीचा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात हाताएवढ्या भेगा देऊन आकसते. घर पायावर उभं, चेंबर वेगळं, आणि मधल्या जमिनीत पाइप वर-खाली होतो. दोन्ही टोकं सिमेंटमध्ये घट्ट धरलेली असली की तो भिंतीशीच मोडणार.

खड्डा रुंद घ्या, तळाशी १०० मिमी वाळू, पाइप, वर पुन्हा १०० मिमी वाळू, आणि त्यावर मुरूम. निघालेली काळी माती परत भरू नका, हीच बचत महागात जाते. जोड चिकटवायचे नाहीत, रबर रिंगचे घ्या. चेंबरला लागून पहिला तुकडा फक्त दोन फुटांचा ठेवा आणि त्याच्या दोन्ही टोकांना रिंगचा जोड द्या, म्हणजे जमीन हलली तरी तो वाकून घेतो. प्लिंथ बीममधून पाइप नेताना एक साइझ मोठ्या पाइपाचा तुकडा बाहेरून घाला आणि मधली पोकळी मऊ भरणीने बुजवा. उतार मीटरमागे २० ते २५ मिमी. अंघोळीचं पाणी चेंबरमध्ये सोडण्याआधी गली ट्रॅपमधून (वास अडवणाऱ्या घराबाहेरच्या ट्रॅपमधून) न्या. कमोडचा पाइप मात्र थेट चेंबरला.

प्रश्न : लोकमान्य नगरात आमच्याकडे नर्मदेचं पाणी आणि बोरिंग दोन्ही आहे. एकाच टाकीत घेतो. नव्या बाथरूमसाठी वेगळं काही करावं का?

करावं, आणि भिंती उघड्या असताना करायचं हे एकच काम असं आहे की नंतर होत नाही. १९७८ साली नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटर ओढून इंदूरला आलं, तेव्हापासून शहराला सौम्य पाणी मिळतं, पण बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड. मधले दिवस बोरिंगवर, आणि बोरिंगचं पाणी जड. ते ६० अंशांच्या वर तापलं की त्यातला चुना गीझरच्या कॉइलवर थर धरतो.

गच्चीवर दोन टाक्या आणि दोन वेगळ्या उतरत्या लाइन ठेवा. बोरिंगची फक्त फ्लश, जेट आणि फरशीच्या नळाला. नर्मदेची गीझर, बेसिन आणि शॉवरला. सामानात तीन नळ्या आणि आठ-दहा एल्बो वाढतात, बस. दोन्ही लाइन मधे व्हॉल्व टाकून जोडून ठेवायचा मोह होतो, ‘कधी लागलं तर’. तो व्हॉल्व कोणीतरी उघडा विसरतोच. निगमच्या (महापालिकेच्या) लाइनला बोरिंग कुठेही जोडू नका आणि तिच्यावर थेट मोटरही लावू नका. पुरवठा बंद असताना त्या लाइनमध्ये उलटा ओढ असतो आणि जवळपासचं गढूळ पाणी आत खेचलं जातं. हौदात पडणारं नळाचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वरच राहायला हवं.

गीझर ५० ते ५५ अंशांवर ठेवा आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड वर्षातून एकदा काढून बघा. पेन्सिलीएवढा उरला असेल तर बदला, नाहीतर यानंतर गीझरच्या टाकीचा पत्रा खाल्ला जातो.

प्रश्न : बाथरूममधली एक भिंत फक्त साडेचार इंची आहे. तिच्यावर वॉल-हंग कमोड पेलेल का?

भिंतीने पेलायचंच नाही. वॉल-हंगचं वजन लोखंडी फ्रेम घेते आणि ती खाली स्लॅबला बोल्टने बसते; चांगल्या फ्रेम ४०० किलोपर्यंत तपासलेल्या असतात. साडेचार इंची भिंतीत उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून खोल नको, त्यामुळे टाकी तिच्यात बसवायचा विचारच सोडा. भिंतीच्या पुढे फ्रेम उभी करून ती सिमेंट बोर्डाने किंवा ब्लॉकने बंद करा. खोलीची साताठ इंच जागा जाते, वर बाटल्या ठेवायला फळी मिळते. मळपाइपाचं तोंड तयार फरशीपासून २२० ते २३० मिमीवर. टाकीची सगळी दुरुस्ती फ्लशच्या बटणपट्टीच्या भोकातून होते, तेव्हा ते भोक टाइलवाल्याने लहान केलेलं नाही हे तो असतानाच हात घालून बघा.

प्रश्न : फरशीवर बसवायचं कमोड पांढऱ्या सिमेंटमध्ये पक्कं करावं की नको?

नको. सिमेंट आकसतं, कड तडकते, आणि पुढे कमोड काढायची वेळ आली तर ते फुटूनच निघतं. बोल्टने बसवा, मळपाइपाच्या तोंडाला रबरी कनेक्टर लावा, कडेने सिलिकॉन भरा आणि मागच्या बाजूला दोन बोटं सिलिकॉन सोडून द्या. आतला जोड गळायला लागला तर पाणी तिथून बाहेर येऊन दिसेल.